लाल रंगाची पिन आणि दोन साडू

डोक्यावरून विमान गेलं की लोक वर बघतात. मी खाली बघतो, आणि मला जळगावच्या औद्योगिक वसाहतीतली बोटाएवढी एक पिन आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवरच्या ट्रकलुटी पाहिल्या. पण माणसाच्या मनात नेमकं काय जळतं हे मला त्या पिनेनं शिकवलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. धुळ्याहून बदली होऊन मी जळगावात फौजदार म्हणून आलो होतो. ठाण्याच्या हद्दीत चटईचे कारखाने, डाळमिल, पाइपचे कारखाने, आणि त्यांच्यात एक वेगळा, पत्र्याच्या शेडमधला छोटा कारखाना. तिथं प्रवासी विमानांना लागणाऱ्या पिना, बुश असे बारीक सुटे भाग बनत. माल मुंबईला विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात जाई. जळगावची केळी दिल्लीला जातात हे ठाऊक होतं, पण जळगावची पिन आकाशात जाते हे मला तिथं गेल्यावर कळलं.

एके सकाळी मालक स्वतः ठाण्यात आला. घामाघूम. मुंबईत एका मेकॅनिकनं पिन बसवण्याआधी मोजली, तर ती बारीक भरली. ती चाकाजवळच्या दाराची पिन होती. ढिली बसली असती तर पुढं काय झालं असतं हे मालकानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पूर्ण खोका उघडला तेव्हा अशा बऱ्याच पिना निघाल्या, आणि प्रत्येकीवर तपासनिसाचा ठसा होता.

"साहेब, हे युनियनचं काम आहे," मालक म्हणाला. "हंगामी कामगारांना कायम करा म्हणून दोन महिन्यांपासून गेटवर बसलेत. आता मला बुडवायला निघाले."

ठाणे अंमलदारानं फिर्याद घेतली, स्टेशन डायरीत नोंद झाली. दुपारी पीआय साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "विमानाचं प्रकरण आहे, वरून फोन येतायत. सोमवारी स्थानिक गुन्हे शाखा तपास घेईल. तोवर पंचनामा आणि जबाब उरकून ठेवा."

स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे माझा बॅचमेट. प्रशिक्षणात आम्ही शेजारच्या खाटांवर झोपायचो. धुळ्यात एकाच ठाण्यात होतो. पळण्यात मी त्याच्या पुढं, कायद्याच्या पेपरात मी पुढं, आणि जीप मात्र त्याला मिळाली. पेपरात फोटो यायचा तो त्याचा. मी चोराला पकडून लॉकअपमध्ये टाकायचो आणि हा येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा. सोमवारच्या आत हा गुन्हा मला उघडायचा होता, आणि त्यात देशसेवेचा भाग थोडाच होता.

कारखान्यात गेलो. कामाची रीत समजून घेतली. प्रत्येक पिन तपासनीस मायक्रोमीटर नावाच्या मापानं मोजतो. बरोबर असेल तर आपल्या नंबराचा छोटा पोलादी ठसा तिच्या डोक्यावर ठोकतो. म्हणजे उद्या काही झालं तर कोणी पास केली ते कळतं. चुकीची असेल तर तिला लाल रंग फासून कुलूपबंद जाळीत टाकतात, आणि तिथून ती दोन तुकडे करूनच भंगारात जाते. ठसा तपासनिसानं कुणाच्याही हातात द्यायचा नाही. दिला तर तपासनिसाची जागा गेली.

तपासनीस तिशीच्या आतला होता. आयटीआय झालेला, पिंप्राळ्यात भाड्यानं राहणारा, सरळ भांग पाडलेला. कामगार त्याच्यावर खार खाऊन होते, कारण ज्याच्या पिना जास्त रिजेक्ट, त्याचं नाव कायम होण्याच्या यादीतून मागं पडे. मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"ठसा तुझाच?"

"हो साहेब."

"पिना तू मोजल्या होत्या?"

"मी बारीक पिन कधी पास केली नाही साहेब."

"मग ठसा कुणाच्या हातात होता?"

दिलेला चहा त्यानं तेवढा संपवला. जबाब लिहिणाऱ्या रायटरनं आवाज चढवला. शेवटी म्हणाला, "माझ्याकडेच होता." पोलिसांसमोर माणसं वाचण्यासाठी खोटं बोलतात. हा बुडण्यासाठी खोटं बोलत होता. असा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

युनियनचा अध्यक्ष आला तो स्वतःहून. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. "साहेब, आमचं भांडण मालकाशी आहे. विमानात बसणाऱ्यांनी आमचं काय बिघडवलंय?" मला त्याचं म्हणणं पटलं. बरं, खराब माल पाठवून कारखानाच बंद पडला तर कायम कुणाला करणार?

मग माझा खबऱ्या कामाला आला. गेटसमोर त्याची चहाची गाडी होती. मी ग्लास हातात घेतला तसा तो हळूच म्हणाला, "भाऊ, सगळे म्हणतात तपासनीसच फितला. कामगारांच्या धाकानं डोळे झाकून माल पास केला."

"सगळे म्हणजे कोण? पहिल्यांदा कोण बोललं?"

तो जरा घुटमळला. "त्याचा साडूच सांगे. मोठा साडू, इथंच भंगारात कामाला शे. डोळामा पानी आनीसन सांगे, की धाकला चुकी गया."

इथं मी थबकलो. आमच्या खान्देशात घरातलं माणूस चुकलं तर माणसं दार लावून घेतात. चहाच्या गाडीवर उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून गावभर करत नाहीत.

मोठ्या साडूची माहिती काढली. पन्नाशीकडे झुकलेला, लेथवर काम करणारा कारखान्यातला सर्वांत जुना टर्नर. त्याला सगळे नाना म्हणत. धाकट्याला कारखान्यात चिकटवला तोही यानंच. पण आधीच्या संपात नाना गेटवर पुढं बसला होता, म्हणून मालकानं त्याला लेथवरून काढून भंगारात टाकलं. रिजेक्ट पिना कापायचं काम. आणि त्याच सुमारास धाकट्याला ठसा मिळाला.

मुंबईहून परत आलेल्या पिना मुद्देमाल म्हणून माझ्या टेबलावर होत्या. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण चोरीच्या सायकली मी भरपूर पकडल्या आहेत. चोर सायकलीचा रंग घासतो, नवा देतो, घंटी बदलतो. पण सीटखालच्या नळीत आत जुना रंग तसाच राहतो, कारण तिथं बोट जात नाही. या पिनेच्या टोकाला तार ओवायला एक बारीक आडवं भोक होतं. मी रायटरकडून टाचणी मागितली आणि भोकात फिरवली. टाचणीच्या टोकाला लाल पूड आली. दुसरी पिन घेतली, तीच गत. पंचांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा केलं आणि पंचनाम्यात घेतलं.

म्हणजे धाकट्यानं त्या पिना नाकारल्याच होत्या. त्यांना लाल रंग लागला होता. नंतर कुणीतरी जाळीतून काढून, थिनरनं पुसून, ठसा मारून चांगल्या मालात मिसळल्या होत्या. जाळीची किल्ली नानाकडे होती. पण किल्ली मालकाच्या केबिनमध्येही एक होती, आणि ठशाचं कोडं तर बाकीच होतं. एवढ्यावर नानाला आणला असता तर तो केबिनकडे बोट दाखवून मोकळा झाला असता.

तोवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, आंब्याच्या झाडाला झोके बांधतात, आणि जावई त्यांना न्यायला येतात. आम्हा पोलिसांना त्या दिवसांत पत्त्यांच्या डावांवर धाडी घालायचं काम. मी ते हवालदाराच्या गळ्यात टाकलं आणि साध्या कपड्यांत मोटारसायकलवर एरंडोलच्या पुढच्या एका खेड्यात गेलो. दोघांची सासुरवाडी तिथं होती, आणि दोघंही तिथं आले होते.

मी पोचलो तेव्हा पंगत मांडली जात होती. खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास गल्लीपर्यंत येत होता. सासरा बागाईतदार, गावात वजन असलेला म्हातारा. मला त्यानं ओसरीवर खुर्ची दिली. जेवायचा आग्रह केला, मी पाण्यावर भागवलं. म्हातारा धाकट्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, बठ्ठा गाव जानस. या जवाईना ठसाबिगर इमान उडत नही. तुमी त्याले कसाले त्रास देतस?"

आणि त्यानं धाकट्याला देवघराजवळच्या पहिल्या पाटावर बसवलं. त्या घरात पहिल्या पाटावरचा जावई घास उचलेपर्यंत बाकीची पंगत हात लावत नसे. धाकटा अवघडून म्हणाला, "नाना, तुम्ही बसा इथं." म्हातारा म्हणाला, "बठ रे तू!" नाना हसला आणि दुसऱ्या पाटावर बसला.

ते हसू मी ओळखलं. पेपरात बॅचमेटचा फोटो आला की ठाण्यात सगळ्यांसमोर मी तसाच हसायचो. म्हणायचो, वा, आमच्या दोस्तानं नाव काढलं! आणि घरी जाऊन बायकोवर भाजीच्या मिठावरून ओरडायचो. दुसऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला ते हसू दिसलं नसतं. मला दिसलं, कारण ते माझ्या घरचं होतं.

जेवणं उरकल्यावर मी नानाला गोठ्याकडे घेऊन गेलो. पिनेचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "नाना, या घरचे मोठे जावई तुम्ही. पहिला पाट तुमचा ना?"

तो आधी हसला. मग तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसला.

"तेवीस साल मना पाट व्हता साहेब," तो म्हणाला. "मी बसाना, मंग बठ्ठा बसेत. त्याले कामवर मी लाया. बोट धरीसन मशीन शिकाडी. न् तो साहेब व्हयी गया, न् माले भंगारमा टाकं. तेबी चालनं. पन मांगली दिवाळीले सासरानी मना पाट सरकाई दिधा. मना पोरेसना समोर."

"आणि विमानात माणसं बसतात त्याचं काय?"

"माले वाटनं मुंबईवाला मोजतीन, पिना धाडतीन वापस. त्याना ठसा जाई, बस." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इमानना इचार मी करा नही साहेब. आईशप्पत, माले फक्त पाट दिसे."

मागं पाऊल वाजलं. धाकटा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, "आता तरी सांग. ठसा यांच्या हातात कसा गेला?"

धाकट्याचा मुलगा तापानं फणफणला म्हणून घरून निरोप आला होता. ठसा जमा करायचं ऑफिस जेवणाच्या सुट्टीत बंद होतं. नाना म्हणाला, दे इकडं, मी जमा करतो. "मोठ्या साडूला नाही कसं म्हणणार साहेब?" धाकटा म्हणाला. "आणि नंतर नाव कसं सांगणार? बायकोची सख्खी बहीण यांच्या घरात आहे." ठसा दुसऱ्या दिवशी जमा झाला. मधल्या वेळात व्हायचं ते झालं होतं.

सोमवारी माझा बॅचमेट जीपमधून उतरला तेव्हा आरोपी, जबाब, पंचनामा, सगळं टेबलावर तयार होतं. त्यानं मला मिठी मारली आणि पत्रकारांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता आणि मी "व सहकारी" या दोन शब्दांत होतो. तो पेपर मी टराटरा फाडला. आजही माझं मत आहे की तो फोटोत चांगला दिसत नाही.

धाकट्यावर गुन्हा राहिला नाही, पण ठसा दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून तो कायमचा काढून घेतला. कारखान्यानं त्याला परत लेथवर उभं केलं. एवढी मोठी चूक नसताना त्याचंच सगळं गेलं, असं मला वाटत होतं. नानाच्या नावानं तो जन्मभर बोटं मोडेल, हेही मी धरून चाललो होतो.

नानाला जामीन मंजूर झाला त्या दिवशी मी दुसऱ्या एका खटल्याच्या तारखेसाठी कोर्टात होतो. जामीनदार कोण राहणार हा प्रश्न होता, कारण सासऱ्यानं थोरल्या जावयाचं तोंड पाहणार नाही म्हणून सांगितलं होतं. बघतो तर म्हातारा काठी टेकत सातबारा घेऊन आलेला. त्याचा दंड धरून त्याला पायऱ्या चढवत होता तो धाकटा. मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, यानं तुझं वाटोळं केलं ना?"

"केलं साहेब." त्यानं खिशातून एसटीची तिकिटं काढून पुन्हा ठेवली. "मला पहिला मायक्रोमीटर यांनीच हातात दिला. म्हाताऱ्याला चार दिवस समजावलं, तेव्हा कुठं आला."

सह्या झाल्या. नाना बाहेर आला तो मान खाली घालून. धाकट्यानं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चला नाना, गाडी लागली आहे." तिघं स्टँडकडे चालायला लागले, म्हातारा मध्ये.

मत्सर लांबच्या माणसाचा होत नाही, शेजारच्या खाटेवरच्याचा होतो, एवढं ज्ञान मला त्या तपासानं दिलं. पुढच्या तपासांत ते मला पुष्कळ उपयोगी पडलं. पण त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर उभा राहून मी त्या तिघांकडे बघत होतो, आणि माझा जुना मत्सर पुन्हा जागा झाला. या वेळी बॅचमेटचा नाही; माझी पिशवी घ्यायला तो कधी आला नसता. मला आरोपीचा हेवा वाटत होता.