मनिरामची हाक

सिहोऱ्याकडचा डांबरी रस्ता सोडला की सालईटोल्याची वाट जंगलात शिरते, आणि मग कितीतरी वेळ जंगलच जंगल. पावसाळ्यात नाले भरले की गाव जगापासून तुटायचं. पोरं नाहीत म्हणून शाळा बंद पडली. मोबाइल लागायचा तो फक्त तलावाच्या पाळीवर. अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावं लागायचं. त्यामुळे रस्त्याच्या कडेला नवी वस्ती मिळते म्हटल्यावर लोकांनी फार विचार केला नाही. एकेकानं घरावरची कवेलू उतरवली, दारं-चौकटी काढल्या, ट्रॅक्टरवर घातल्या आणि माणसं निघून गेली. मागे राहिल्या उघड्या मातीच्या भिंती. दोन पावसाळ्यांत त्या विरघळून कमरेइतक्या झाल्या. भरदुपारी त्यांच्यामधून पाणी आणायला जाताना जमुनाबाईला वाटायचं, आपण कुठल्याशा मोठ्या जनावराच्या दातांमधून चाललोय.

तरी ती गेली नव्हती. तलावात जाळं टाकायची, मासळी वाळवायची, मोहाच्या दिवसांत फुलं वेचायची. लेक खुशबू तुमसरला दिलेली; जावई राइस मिलमध्ये कामाला. खुशबू तिला न्यायला येऊन येऊन थकली. पण जमुनाबाईचं म्हणणं एकच होतं, तिचा नवरा मनिराम परत आला तर तो याच दाराशी येईल.

मनिराम चार वर्षांपूर्वी मोहाच्याच दिवसांत जंगलात गेला आणि आला नाही. शोधायला गेलेल्या माणसांना नाल्याकाठी त्याचा दुपट्टा सापडला आणि जवळच्या ओल्या मातीत वाघाचे पंजे. बाकी काही नाही. जमुनाबाई तेव्हापासून ना सवाष्ण ना विधवा. ती कुंकू लावायची, गळ्यात काळी पोत घालायची, आणि कुणाच्या लग्नात मात्र मागच्या रांगेत बसायची.

जंगलात वेगवेगळ्या झाडांखाली पांगलेली माणसं एकमेकांना हाक देतात, कोण कुठं आहे ते कळावं म्हणून. सालईटोल्याचे पुरुष दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्यात फुंकायचे. घुमणारा, पोकळ आवाज निघायचा. ज्याची त्याची हाक वेगळी. मनिरामचं एक बोट जाळ्याच्या दोरीत सापडून वाकडं झालं होतं, त्यामुळे त्याची ओंजळ नीट मिटायची नाही. दोन लांब सूर निघायचे आणि तिसऱ्याला हवा फुटायची. फुस्स करून. पोरं त्याला हसायची.

तो गेल्यावरही ती हाक आली होती. गावामागच्या डोंगरीकडून, अगदी बारीक, वाऱ्यावर तरंगत. माणसं निघालीसुद्धा होती. पण गावदेवाची पूजा करणारा म्हातारा दादाजी आडवा आला. वाघानं नेलेला माणूस वाघाच्याच पाठीवर बसून फिरतो, आपल्या आवाजात आपल्याच माणसांना बोलावतो आणि वाघाच्या तोंडी देतो, असं तो म्हणाला. दुपट्टा आणि पंजे सगळ्यांनी पाहिले होते. माणसं परत फिरली. हाक पुन्हापुन्हा आली, मग विरळ झाली, मग थांबली. त्यानंतर डोंगरीच्या अंगाला कुणी गेलं नाही.

यंदा गावाजवळच्या मोहांना फुलंच आली नाहीत. जमुनाबाई आणि तिच्यासारखीच मागे राहिलेली शेजारची ललिताबाई टोपल्या घेऊन डोंगरीच्या पायथ्याशी गेल्या. तिथं फुलांचा नुसता सडा पडलेला. चार वर्षांत कुणी वेचली नव्हती. दोघी दोन झाडांखाली वाकल्या. उजाडून ऊन पानांतून खाली उतरत होतं.

तेवढ्यात वरून हाक आली. दोन लांब सूर, आणि तिसऱ्याला फुस्स.

जमुनाबाई वाकल्या जागीच थांबली. हातातली फुलं गळून पडली. ललिताबाई धावत आली आणि तिनं तिचं मनगट धरलं.

"ओ देऊ नोको," ती कुजबुजली. "चाल घरी. मागं पाहू नोको."

दोघी टोपल्या तिथंच टाकून परतल्या. दिवसभर जमुनाबाईनं चूल पेटवली नाही. ललिताबाईनं दादाजीला सांगितलं. दादाजीनं जमुनाबाईच्या उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली आणि आता तरी लेकीकडे जा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर जमुनाबाई एकटीच निघाली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण रात्रभर तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. वाघाच्या पाठीवर बसलेल्या भुताचं बोट वाकडं कशाला राहील?

टोपल्या होत्या तिथंच होत्या. फुलं सुकून तांबूस झालेली. हाक आली तशी ती वर चढू लागली. ती थांबली की हाकही थांबायची; ती चालू लागली की पुढून पुन्हा. जंगलात दुसरा आवाज नव्हता. एका जागी हाक इतकी जवळून आली की तिच्या मानेवर काटा उभा राहिला. तिनं वर पाहिलं.

सालईच्या फांदीवर काळा भिमराज पक्षी बसला होता, शेपटीच्या दोन लांब तारा खाली सोडून. त्यानं मान वाकवून तिच्याकडे पाहिलं, मांजरासारखं म्याव केलं, मग पोपटासारखा ओरडला, मग गळा फुगवून दोन लांब सूर काढले आणि तिसऱ्याला फुस्स केलं.

जमुनाबाईला हसू फुटलं. हसता हसताच ते थांबलं. भिमराज ऐकेल ते बोलतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण एकदा ऐकून नाही. तेच ते, तेच ते, त्याच्या झाडाखाली कुणी खूप वेळ म्हणत राहिलं तर.

तिनं खाली पाहिलं. करवंदीच्या जाळीआड जमीन संपत होती. कधीकाळी मँगनीजसाठी कुणी खणून पाहिलेला आणि तसाच सोडलेला खड्डा होता तो, विहिरीसारखा उभा. तिनं जाळी बाजूला सारली आणि पोटावर झोपून आत डोकावली.

तिनं तलावाच्या पाळीवरून फोन लावला; वनरक्षक दोर घेऊन आले तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी हाडं वर काढली, कमरेचा चांदीचा करदोडा आणि कुऱ्हाड. खाली उतरलेला माणूस वर आला, त्यानं अंगावरची माती झटकली. मग म्हणाला, आतल्या मुरमात कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदल्या आहेत, डोक्याच्याही वर गेल्या आहेत. पुढं मुरूम ठिसूळ आहे. दुपट्टा बहुधा नाल्यावर पाणी पिताना राहिला असावा, आणि वाघ त्या वाटेनं नंतर केव्हातरी गेला असावा.

दादाजी काठी टेकत आला होता. तो खड्ड्याच्या काठाशी खाली बसला, आणि उठायचं म्हटलं तरी त्याला उठता येईना. बाकीचे हाडं कापडात बांधू लागले. शेवटी जमुनाबाईच त्याच्याजवळ जाऊन बसली.

"तुमच्यानंच झालं असं नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमी सांगतलं, पन दार त मीनंच लावलं. मले त्याची हाक ओरखू आली होती."

दादाजी तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला.

तलावाच्या पाळीखाली मनिरामला अग्नी दिला. खुशबू खूप रडली; जमुनाबाई रडली नाही. तिनं पोत काढून पाण्यात सोडली आणि कुंकू पुसलं. तेराव्यानंतर ती आपणहून नव्या वस्तीत गेली. ज्याची वाट पाहायची तो सापडला होता. खड्ड्याभोवती तारेचं कुंपण झालं. वस्तीत वीज आहे, नळ आहे, सिहोऱ्याचा बाजार जवळ आहे. ती बायकांबरोबर ट्रॅक्टरनं तलावावर येते, मासळी धरते, बाजारात विकते. डोंगरीकडून हाक आली की सगळ्या जणी मान वर न करता ओ देतात, पाखरू आहे हे ठाऊक असूनही.

सालईटोल्यात आता एकटा दादाजी राहतो. ललिताबाईही वस्तीत राहायला गेली. जमुनाबाई येताना त्याच्यासाठी तांदूळ आणि वाळली मासळी आणते. परवा ती आली तेव्हा तो वाकून वाकून अंगणं झाडत होता, आपलं नव्हे, त्या ओळीतल्या सगळ्या पडक्या घरांची. प्रत्येक अंगण लख्ख होतं, झाडूच्या रेघा उठलेल्या.

"हे काहून करून राहिले, बाबा?" तिनं विचारलं.

"कोनी आलं त बसन कुठी?" तो म्हणाला.

जमुनाबाईनं तांदळाची पिशवी भिंतीवर ठेवली, त्याच्या हातातला झाडू घेतला आणि उरलेली दोन अंगणं झाडून काढली.