ठेकेदाराच्या कोटाची बाही

माझी मावशी कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, मधल्या पडद्याला कायम टाचण्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून सुई ओवायला ती रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारायची. पोस्टमनलासुद्धा सुई ओवून दिल्याशिवाय सुटका नसे.

खाजगीत ऑपरेशन परवडणारं नव्हतं. सरकारी आरोग्य योजनेत ते फुकट होणार होतं. अटी मी प्रोग्राम तपासावा तशा तपासल्या: एका घरात राहणाऱ्यांचं मिळून उत्पन्न मर्यादेच्या आत हवं, दुसरा विमा नको. मावशी आणि काका आरामात बसत होते. फक्त तपासनीस बाई घरी येऊन खात्री करणार होत्या.

"सरकारी माणूस घरी येणार आणि आपण विटक्या कपड्यांत बसायचं?" मावशी म्हणाली. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा तिचा आयुष्यभराचा नियम. त्या सकाळी तिनं तो धाब्यावर बसवला. मी पोचले तेव्हा बाई येऊन बसल्या होत्या. काका निळ्या कोटात होते, मावशी रेशमी गाऊनमध्ये.

"तुमचं कसं भागतं?" बाईंनी कोट न्याहाळत विचारलं.

"मजेत!" काका फुगले. "आणि ही भाची इंजिनीअर आहे. भरपूर पगार!"

बाईंनी पेन उचललं. "या इथेच राहतात?"

"घर तिचंच आहे की!"

"नाही हो!" मी किंचाळलेच. "पलीकडच्या गल्लीत राहते. भाड्यानं. एकटी!"

"बाई, तुम्ही निवांत बसा," म्हणत काकांनी ऐटीत हात फेकला. उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि उडून थेट बाईंच्या मांडीवर पडली.

"अगं बाई!" मावशीनं कपाळाला हात लावला. "नुसते कच्चे टाके होते होय? मला दिसलंच नाही!"

बाईंनी बाही उलटसुलट पाहिली. "कोट कुणाचा?"

"ठेकेदाराचा," काका पुटपुटले.

"आणि गाऊन?"

"वकीलबाईंचा," मावशी म्हणाली.

"मग या घरात तुमचं काय आहे?"

मावशीनं विचार केला. "मशीन. आणि हे." तिनं काकांकडे बोट दाखवलं. "दोन्ही जुनी."

बाईंना हसू आवरेना. "मावशी, मी कोट तपासायला येत नाही. भाचीचं घर वेगळं, तिचा पगार मोजायचा नाही. तुम्ही दोघं मर्यादेत बसता. बसता कसले, पाय पसरून झोपता!"

पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पुन्हा शिवायची परवानगी दिली, त्या दिवशी दवाखान्यातून परतताना समोरून ठेकेदार आला. निळ्या कोटात.

"थांबा! बाही वाकडी बसलीय. काढा कोट!"

"अहो मावशी, भर रस्त्यात?"

"काढा म्हणते ना!"

सुईदोरा तिच्या पिशवीत असतोच. मी ओवून द्यायला हात पुढे केला, तिनं तो झटकला. कठड्यावर बसून पहिल्याच फटक्यात सुई ओवली, आणि नुकताच दुरुस्त झालेला तो डोळा मला मारला.