एरंडोलला उघडलेला लॅपटॉप

ज्या लॅपटॉपपायी माझ्या मित्राचा जबडा मोडला, तो इतका बारीक होता की टेबलावर ठेवला तर वहीचा सुटा पुठ्ठा पडलाय असं वाटायचं. मित्र जळगावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. मी एका डाळ मिलच्या ऑफिसात कामाला, अजूनही तिथेच आहे. कॉलेजपासूनची आमची दोस्ती. लॅपटॉप त्याने हौसेने घेतला आणि घेतल्या दिवसापासून त्याला एकच नाद लागला. याचं पुढचं मॉडेल कसं येईल? स्क्रीन घडी घालता येईल का? चार्जिंगचं भोक एकच राहील की दुसरंही देतील? मेमरी आपली आपल्याला वाढवता येईल, की बोर्डावर डाग देऊन कायमची बसवलेलीच असेल?

त्या नादातून आम्ही व्हिडिओ करायला लागलो. क्लास सुटला की रिकाम्या खोलीत तो बोलायचा आणि मी मोबाइल धरायचो. निम्मं शहरी मराठी, निम्मं अहिराणी. साक्रीपासून रावेरपर्यंतचे लोक बघायचे आणि खाली आपापले अंदाज लिहायचे. सुरुवातीला त्यात नुसती मजा होती.

धुळ्यात असाच आणखी एक होता. त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि तोही पुढच्या मॉडेलवर व्हिडिओ करायचा. एकदा माझ्या मित्राने लॅपटॉपचं मागचं झाकण काढून बोर्डाचा फोटो घेतला आणि तो व्हिडिओत दाखवला. कडेला चकचकीत ठिपक्यांची एक रांग होती. तो म्हणाला, "ही जागा कंपनीने मुद्दाम रिकामी ठेवलीय. पुढच्या मॉडेलात इथे मेमरीची पट्टी बसणार. लिहून ठेवा."

तो व्हिडिओ भरपूर फिरला. चारच दिवसांत धुळेवाल्याचं उत्तर आलं. हा बोर्ड त्या लॅपटॉपचा नाहीच, जळगाववाला दुसऱ्याच मशीनचा फोटो दाखवून लोकांना येडं बनवतोय.

तिथून शिव्या सुरू झाल्या. आधी त्याच्याकडच्या लोकांनी दिल्या, मग आमच्याकडच्यांनी. आईवरून, बहिणीवरून, जातीवरून. घरासमोर येऊन तंगड्या तोडू, दुकान पेटवू. दोन्हीकडचे आपापल्या घरात बसून एकमेकांना कापायच्या गोष्टी करत होते, तेही अजून न आलेल्या एका मशीनसाठी. पण तेव्हा मला ते विचित्र वाटत नव्हतं. मिलमध्ये बिलं तपासताना माझ्या डोळ्यांसमोर धुळेवाल्याचा चेहरा यायचा आणि त्या चेहऱ्यावर मी मनातल्या मनात ठोसे मारत बसायचो. हात खरोखर वळायचे.

मित्राचं तर सगळंच बिघडलं. एकदा वर्गात कोणीतरी हसून विचारलं, "सर, पट्टी खरंच बसणार का?" याने समोरचा किबोर्ड उचलून भिंतीवर फोडला. वहिनींनी मला दारातच थांबवून सांगितलं, "भाऊ, तुम्ही तरी समजवा. हे जेवताना पण शिव्या देतात. घास हातात तसाच राहतो." मी हो म्हटलं आणि आत जाऊन त्याच्याबरोबर पुढच्या व्हिडिओची तयारी करत बसलो.

मग धुळेवाल्याचा फोनच आला. मित्राने स्पीकर चालू केला.

"एरंडोलले ये. तुले थोडा रस्ता, माले जास्ती. मना समोर लॅपटॉप उघाड. तेच ठिपके निघाले तर मी माझा व्हिडिओ काढून टाकतो."

"येतो," मित्र म्हणाला. "आणि तुझं तोंड फोडूनच परत जातो."

आम्ही मोटारसायकलवर गेलो. लॅपटॉपची बॅग आमच्या दोघांच्या मध्ये. ऊन असं होतं की हायवेचं डांबर चाकाला चिकटत होतं. एरंडोलच्या अलीकडच्या एका ढाब्यावर धुळेवाला आधीच येऊन बसला होता. बरोबर त्याचे दोन दोस्त, दोघंही अंगाने आडदांड. तो स्वतः मात्र हडकुळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, वयाने आमच्याहून लहान. मनात ज्याला इतके दिवस मारत होतो तो हा, यावर माझा विश्वास बसेना.

मित्राने लॅपटॉप टेबलावर ठेवला. धुळेवाल्याने आधी हात रुमालाला पुसले, मग तो उचलला. "हलकं शे रे," तो हळूच म्हणाला. त्याने हे मशीन आजवर फक्त दुरुस्तीला आलेलं पाहिलं असणार, धडधाकट पहिल्यांदाच. मग थोडा वेळ दोघं चक्क नीट बोलले. पंखा जाईल का, काच वाकेल का, किबोर्डच्या जागी नुसती काच येईल का. मला वाटलं, चहा पिऊन घरी जाऊ.

मित्राने स्क्रू काढून बशीत ठेवले, झाकण उचललं. ठिपक्यांची रांग तिथेच होती. धुळेवाल्याने खिशातून भिंग काढलं, वाकून बराच वेळ पाहिलं.

"हा, ठिपके शेत," तो म्हणाला. "पण ही मेमरीनी जागा नही. कारखान्यात बोर्ड तपासायला असे ठिपके ठेवतात."

"म्हणजे माझा फोटो खरा होता."

"फोटो खरा. तू सांगतोस ते खोटं."

"ते मॉडेल आल्यावर बघू. आधी फोटोचं बोल. कॅमेऱ्यासमोर माफी माग." मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल वर धरला.

त्याच्या एका दोस्ताने माझ्या हातावर फटका मारला. मोबाइल उडून फरशीवर पडला. तेवढ्यात मित्राने धुळेवाल्याच्या थोबाडीत ठेवून दिली. तो खुर्चीसकट मागे कोसळला. दुसऱ्या दोस्ताने टेबलावरचा पाण्याने भरलेला स्टीलचा जग उचलला आणि मित्राच्या तोंडावर हाणला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मी जवळच्याच्या नाकावर ठोसा मारला. माझी मूठ ओली झाली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. अजून मारावंसं वाटलं. पुढच्याच क्षणी माझ्या डाव्या कानावर असा तडाखा बसला की जगातला सगळा आवाज बंद झाला.

पुढचं मी जवळजवळ बहिऱ्यासारखं पाहिलं. मित्राचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता, तरी त्याने लॅपटॉप सोडला नव्हता. धुळेवाला जमिनीवरून उठून तो ओढत होता. दोघांच्या ओढाताणीत तो बारीक पत्रा पापडासारखा वाकला. मग धुळेवाल्याने टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्याचे ओठ हलले. उजव्या कानाने मला तेवढंच ऐकू आलं, "हाई तुनी मेमरी!" आणि त्याने तो उघड्या मशीनच्या पोटात, सरळ बॅटरीत खुपसला.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बॅटरीत लोखंड खुपसल्यावर काय होतं हे कळत नसेल? कळत होतं. पण त्या वेळी त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं. आधी फुसकन पांढरा धूर आला, मग जाळ. त्याची मूठ त्या जाळातच होती. तो किंचाळला, हात मागे घेतला, तर बोटांवरची कातडी सैल झालेली. मित्राने लॅपटॉप सोडला आणि तो भाजल्या हाताच्या माणसाच्या अंगावर धावून गेला. ढाबेवाला एका हाताने जाळावर वाळू टाकत होता आणि दुसऱ्या हातातल्या दांडक्याने आम्हा सगळ्यांना झोडपत होता. "मरायचं तर बाहेर मरा!" शेवटी ट्रकवाल्यांनी आम्हाला धरून वेगवेगळ्या झाडांखाली बसवलं.

पोलीस चौकीत हवालदाराने मला विचारलं, "भांडण कशावरून? जमीन? बाईमाणूस?"

"लॅपटॉपचं पुढचं मॉडेल, साहेब."

"कोणाकडे आहे ते?"

"कोणाकडेच नाही. अजून आलेलंच नाही."

त्याने पेन खाली ठेवला.

मित्राचा जबडा तारेने बांधला. बरेच दिवस तो नळीने भाताची पेज प्यायचा. मी भेटायला गेलो तर वहिनींनी पेजेचा पेला माझ्या पायाशी आपटला. "कॅमेरा तुम्हीच धरला होता ना? आता धरा. काढा ह्यांचा व्हिडिओ." पेज माझ्या पॅन्टवर उडाली. मित्र कॉटवरून बघत होता. बोलता येत नव्हतं.

दोन्हीकडच्या तक्रारी मागे घ्यायचं मोठ्या माणसांनी ठरवलं, म्हणून मित्राचे वडील आणि मी धुळ्याला गेलो. वडिलांना आम्ही आबाच म्हणतो. धुळेवाला त्याच्या मोठ्या बहिणीकडे होता. उजव्या हाताला पट्टी, त्यातून दोन बोटं दिसत होती, एकमेकांना चिकटल्यासारखी. मला पाहताच तो उठला आणि डाव्या हाताने त्याने माझ्या तोंडात मारली. माझाही हात वर गेला. त्याची अक्का मध्ये येऊन उभी राहिली.

"मार," ती मला म्हणाली. "माले मार. बठ्ठी कसर मना आंगवर काढ."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मारलं असतं तर तिने मलाही सोडलं नसतं, हे स्पष्ट दिसत होतं. माझा हात खाली आला. आबा दारातच टेकले होते. ते म्हणाले, "बाई, मना पोरगा बोलत नही." ती म्हणाली, "मना भाऊना हात चालत नही." सह्या झाल्या. त्याने डाव्या हाताने केली, लहान मुलाच्या अक्षरासारखी वेडीवाकडी. निघताना त्याने एवढंच विचारलं, "मशीन?"

"जळालं," मी म्हणालो.

"भारी मशीन होतं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

काही महिन्यांनी नवं मॉडेल आलं. मी मित्राच्या घरी होतो. त्याची तार निघाली होती, पण जबडा थोडा वाकडाच बसला होता आणि शब्द एका बाजूने बाहेर पडायचे. आम्ही मोबाइलवर पाहिलं. मेमरीची पट्टी नव्हती. घडी नव्हती, दुसरं भोकही नव्हतं. बॅटरी तेवढी ओढून सहज काढता येईल अशी केली होती. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"तो फोटोवर चुकला, तू पट्टीवर," मी म्हणालो.

मित्र मोबाइल हातात घेऊन फोटो मागेपुढे सरकवत होता. मग अगदी शांतपणे, चहाचा घोट घेऊन म्हणाला, "त्याचा डावा हात अजून चांगला आहे ना?"

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तसं काही नव्हतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी येऊन त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही निघा." मी चपला घालून बाहेर पडलो. त्या घरी मी आजही जातो, पण फक्त तो नसताना, वहिनींना काही मदत लागली तर.