उपाशी यावे, उपास करून येऊ नये

सांगलीतल्या एका जुन्या इस्पितळात रक्त-लघवी तपासायची खोली होती. तिच्या दारावर निळ्या पत्र्याची पाटी, आणि पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं : 'रक्त देण्यास उपाशी यावे. उपास करून येऊ नये.' नवा पेशंट ती वाचून हसायचा. मग आतून बाळाबाई चंदनशिवे बाहेर यायच्या, "हसून झालं आसंल तर काय खाल्लंय ते सांगा," म्हणायच्या, आणि पेशंटचं हसू जागच्या जागी वाळायचं. उंचीनं बाई पाच फुटांच्या अलीकडेच थांबलेल्या, पण आवाज पलटणीतल्या सुभेदाराचा. ही पाटी दारावर चढली त्यामागं एक भांडण आहे, आणि ते भांडण सांगण्यासारखं आहे.

आवाज वडिलांकडून आलेला. धोंडिराम चंदनशिवे हा आटपाडीच्या पुढच्या एका खेड्यातला, महायुद्धात पलटणीत जाऊन आलेला गडी. येताना एक खाकी कोट आणि मूठभर इंग्रजी शब्द घेऊन आला. कोट फाटला, शब्द टिकले. शेळी व्याली तरी त्याला 'रिपोर्ट' लागायचा. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली. बाळाबाईच्या आईनं, लक्ष्मीबाईनं, देव्हाऱ्यातले देव ओढ्याला पोचते केले आणि त्यांच्या मागोमाग सोमवार, शनिवार, एकादशी हे सगळे उपासही त्याच पाण्यानं वाहून गेले. तेव्हापासून त्या घरात भाकरीला वार विचारायचा नाही, असा कायदा झाला. भाकरी असली की जेवायचं. नसली की त्या दिवशी उपास. तेवढा एक शब्द घरात मागं राहिला होता. पुढं सगळा घोळ त्यानंच केला.

धोंडिरामानं पोरीला शिकायला साताऱ्याच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, एकुलता एक. मास्तरांनी बोटाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन एकेकीला बघायला बोलावलं. बाळाबाईनं डोळा लावला तो काढलाच नाही. मागच्या पोरींनी आधी कुरकुर केली, मग तिची वेणी ओढली, आणि शेवटी तास संपला. मास्तर म्हणाले, दुसऱ्यांनाही बघू दे. ती म्हणाली, "बघू द्या की. पर माजं झाल्यावर." पोटापाण्यासाठी जे काय करायचं ते ह्या यंत्रामागं बसूनच, हे तिचं त्याच तासाला ठरून गेलं.

मॅट्रिक झाल्यावर ती सांगलीच्या इस्पितळात चिकटली खरी, पण यंत्राच्या मागं नव्हे, मोरीच्या पुढं. नळ्या, बाटल्या, काचपट्ट्या धुवायच्या आणि कधी पेशंटला निरोप सांगायचे. यंत्रामागं नारायणकाका बसायचे. हे इस्पितळाचे टेक्निशियन, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या जागेवर बाळाबाईचा डोळा होता आणि तिनं तो लपवलाही नव्हता. पण त्या जागेला टेक्निशियनचं सर्टिफिकेट हवं. सर्टिफिकेटच्या कोर्सला कॉलेजचं शास्त्राचं पहिलं वर्ष हवं. आणि गावातल्या मोठ्या कॉलेजांची प्रात्यक्षिकं नेमकी भर दुपारी, नोकरीच्या वेळेत. सरकारी सवलतीत फी बसली, पोट बसत नव्हतं. नोकरी सोडून शिकणं हा तिच्यापुरता श्रीमंतांचा खेळ होता.

त्या वर्षी मार्केट यार्डाच्या मागं एक नवं कॉलेज निघालं. गावातलं सगळ्यात स्वस्त, आणि ते तसं दिसायचंही. लालासाहेब नावाच्या बड्या हळद व्यापाऱ्याची अर्धी वखार भाड्यानं घेऊन त्यात बाकडी मांडलेली. उरलेल्या अर्ध्या वखारीत हळदच. दुपारी तिकडं पोती आपटायला सुरुवात झाली की इकडं फळा दिसायचा नाही, म्हणून ह्या कॉलेजची सगळी प्रात्यक्षिकं सकाळी, सात ते साडेनऊ. बाळाबाईला हवं होतं नेमकं तेच.

वखारीतलं रसायनशास्त्र जगात दुसरीकडं कुठं नसेल. जमिनीवर, भिंतींवर, नळ्यांवर हळदीची पुटं, आणि हळदीवर कॉस्टिक सोड्याचा थेंब पडला की ती लालभडक होते. कुठल्याही प्रयोगाचा शेवट लालच. पोरं सकाळी पांढरे एप्रन घालून जायची आणि बाहेर पडताना पिवळ्या अंगावर तांबडे ठिपके घेऊन यायची. बाळाबाई तशीच इस्पितळात शिरली की आया तिला विचारायच्या, कुणाकडं होतं गं हळदीकुंकू. ती सांगायची, "तुमच्या साहेब लोकांच्याकडं. तुमास्नी बोलीवलं न्हाई व्हय?"

इस्पितळाचे मोठे डॉक्टर मधुकर परांजपे. फार सज्जन, आणि फार तत्त्वाचे. त्यांचं तत्त्व सकाळी त्यांच्याआधी उठायचं आणि त्यांच्याआधी जेवायला बसायचं. सकाळी दहाला आलीस तरी चालेल, अशी सवलत त्यांनी बाळाबाईला दिली होती, पण तिच्या जोडीला रोज एक उपदेशही द्यायचे. ती सवलत घ्यायची आणि उपदेश मोरीत सोडायची. कॉलेजात हजेरी भरली की टर्म मंजूर, दोन्ही टर्म मंजूर झाल्या की परीक्षा. पहिली टर्म पदरात पडली. दुसरी संपत आली. रसायनाचे मास्तर कडक होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं की शेवटच्या आठवड्यात जो प्रात्यक्षिक बुडवील त्याची टर्म बुडाली, मग तो कितीही मोठ्यानं रडो.

आणि नेमक्या त्याच आठवड्याच्या तोंडावर लालासाहेब इस्पितळात आले.

लालासाहेब म्हणजे ते वखारवाले. इस्पितळाच्या कमिटीवरही तेच. देह असा की खुर्चीनं आधी अंदाज घ्यावा. फार तहान लागते, अशी तक्रार होती. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. नारायणकाका त्या दिवशी रजेवर होते, म्हणून निरोप द्यायचं काम बाळाबाईवर आलं. तिनं सरळ सांगितलं, "सायेब, उद्या सकाळी उपास करून या."

लालासाहेबांनी ते फार मनावर घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेला उपास, त्यात कसूर नको. घरी निरोप गेला. पहाटेपासून चूल धडधडली. शाबूची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे गुळातले काप, केळ्याचं शिकरण, शेवटी तोंड गोड करायला राजगिऱ्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण बहुतेक त्यांच्याच ओसरीवर बसून कुणीतरी रचली असावी. इतका कडक उपास पाळून ते रक्त द्यायला आले. साखर आभाळाला भिडली. डॉक्टर म्हणाले, उद्या पुन्हा बघू. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी उपास आणखी कडक केला, म्हणजे लाडू वाढवले. साखरही वाढली.

डॉक्टरांनी मधुमेहाचं निदान सांगितलं आणि गोड बंद केलं. लालासाहेबांच्या घरावर सुतकाची कळा आली. बायको डॉक्टरांपुढं पदर डोळ्याला लावून म्हणाली, दोन दिवस धड जेवलेसुद्धा नाहीत हो, नुसत्या फराळावर आहेत. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "फराळ?"

पुढच्या घटकेला बाळाबाई डॉक्टरांच्या खोलीत उभी होती. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लालासाहेब, आणि कडेला रजेवरून परतलेले नारायणकाका, आपण भिंत आहोत असं भासवत. डॉक्टरांनी विचारलं की तू यांना उपास करायला सांगितलंस का. ती म्हणाली, व्हय, सांगितला. डॉक्टर म्हणाले, अगं, उपास म्हटल्यावर माणूस फराळ करणारच, एवढंही तुला कळू नये?

आता इथं एखादीनं ताकाला जाऊन भांडं लपवलं असतं. मला असं म्हणायचं नव्हतं, त्यांनीच चुकीचं ऐकलं, वगैरे. बाळाबाईनं भांडं टेबलावर आपटलं.

"डाक्तरसायेब, आमच्या घरात उपास म्हंजे चूल पेटली न्हाई. त्या दिवशी पोटात काय म्हंजे काय नसतंय. देवाचा उपास आमी छप्पन सालापासनं सोडला, पर पोटाचा त्याच्या लय आधीपासनं चालू हाय. उपासाला लाडू खात्यात, हे मला कोण सांगणार हुतं?"

लालासाहेबांनी उगाच घड्याळाकडं बघितलं. डॉक्टर क्षणभर विरघळले असावेत, पण तत्त्व आडवं आलं. ते म्हणाले, ते काही असो, यांना दोन दिवस मनस्ताप झाला, तू माफी माग.

"शब्द चुकला, खरं हाय. परत चुकायचा न्हाई," बाळाबाई म्हणाली. "पर माफी मागायची तर दोघांनी मागू. मी शब्दाबद्दल, सायबांनी खिचडीबद्दल."

नारायणकाकांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. डॉक्टर लाल झाले. त्यांनी हुकूम सोडला : उद्या सकाळी सातला लालासाहेब पुन्हा रक्त द्यायला येतील, खरोखर उपाशी. तू सातला हजर राहायचं, त्यांच्यासमोर माफी मागायची, मग रक्त घेतलं जाईल. आधी माफी, मग सुई. आणि त्यानंतर रोजची ड्युटी सकाळी सातपासून. नाही जमलं तर नोकरीवर यायची गरज नाही.

म्हणजे सातला इस्पितळात गेली तर टर्म बुडाली, आणि कॉलेजात गेली तर नोकरी. योगायोगानं धोंडिराम त्याच दिवशी आटपाडीच्या एष्टीनं ज्वारीचं पीठ घेऊन आला होता. इस्पितळाच्या पायरीवर बसून त्यानं सगळा रिपोर्ट ऐकून घेतला. पलटणीत राहिलेला माणूस, हुकूम मोडू नको म्हणेल असं तिला वाटलं. तो विडी विझवून म्हणाला, "बाळे, पलटणीत दोन हुकूम एकदम आलं की आमी मोठ्या सायबाचा ऐकायचो. ह्यात मोठा सायेब कोण, ते तू ठरीव." आणि पिठाची पिशवी तिच्या हातात देऊन परतीची एष्टी धरायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला लालासाहेब इस्पितळाच्या बाकावर येऊन बसले. पोटात काय म्हणजे काय नाही, चहासुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा. साडेसात झाले. नारायणकाका सुई उकळून तयार होते, पण डॉक्टरांनी हात आडवा केला. आधी माफी. आठ झाले. समोरच्या गाडीवर कुणीतरी कांद्याची भजी टाकली, आणि तो वास खिडकीतून आत येऊन लालासाहेबांच्या शेजारी बसला. त्यांनी विनवलं, अहो डॉक्टर, घ्या की रक्त. डॉक्टर म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. नऊ वाजता लालासाहेब भिंतीला टेकले. मग इस्पितळावर, कमिटीवर, डॉक्टरांच्या तत्त्वावर आणि त्या तत्त्वाच्या आईबापांवर ते पुटपुटत राहिले.

तोवर बाळाबाई त्यांच्याच वखारीत उभी राहून क्षार ओळखत होती. बडतर्फीची भीती तिला नव्हती असं कोण म्हणेल? भीती होती, पण नळी सुटली नाही. मास्तरांनी हजेरी मांडली. टर्म झाली.

नेहमीच्या वेळेला, दहाला, ती इस्पितळाच्या दारात उभी राहिली. एप्रन नखशिखांत पिवळा, त्यावर तांबडे ठिपके, केस विस्कटलेले. भुकेनं डोळ्यांपुढं काजवे नाचत असलेल्या लालासाहेबांना वाटलं, साक्षात सौंदत्तीची यल्लम्मा आली. त्यांनी अर्धवट हातही जोडले.

"आवं सायेब, हात कशापायी जोडताय," ती म्हणाली. "हेच्यालाच आमी उपास म्हणतो."

लालासाहेबांनी जोडलेले हात पोटावर नेले. मग क्षीण आवाजात म्हणाले, "बाई, लय वाईट असतोय गं ह्यो."

डॉक्टर खोलीतून बाहेर आले ते माफी घ्यायच्या तयारीनं, घसा साफ करून. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत लालासाहेबांनी दंड उघडा करून नारायणकाकांपुढं धरला. "डॉक्टर, तुमची माफी-बिफी उद्या. आधी सुई टोचा आणि मला भजी आणून द्या. आणखी एक घटका गेली तर मी तुमचं तत्त्वच खाईन."

रक्त घेतलं. दुपारी साखर आली ती अगदी शहाण्यासारखी, जागेवर. तहान लागायची ती शेंगदाण्याच्या तिखट आमटीनं, असं घरात ठरलं आणि लालासाहेबांच्या वाड्यावर पेढे वाटले गेले. माफीचा 'उद्या' मात्र उगवला नाही. लालासाहेबांनी त्या विषयाचा धसका घेतला होता. माफी म्हटलं की त्यांना भूक लागायची. आणि डॉक्टर पडले तत्त्वाचे. क्रम त्यांनीच लावून दिला होता : आधी माफी, मग सुई, मग सातची ड्युटी. माफी राहिली, तेव्हा त्यापुढची ड्युटी किंवा बडतर्फी तरी कशी लागू करणार? बाळाबाई दहाला येत राहिली. एकदा डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, तुझी ती माफी राहिली आहे, लक्षात आहे ना. ती म्हणाली, "हाय की. सायबांची खिचडीचीबी राहिलीया."

पुढचं सगळं साखरेत घोळलेलं नाही. त्या वर्षी ती इंग्रजीत गचकली. आया म्हणाल्या, झालं हळदीकुंकू? ती म्हणाली, "एक वटी भरायची ऱ्हायली," आणि पुन्हा बसली. मग काठावर का होईना, पास झाली. कोर्स केला, सर्टिफिकेट घेतलं, आणि नारायणकाका निवृत्त झाले त्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकामागच्या स्टुलावर जाऊन बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं पायाखाली फळकुट घेतलं. धोंडिरामाला तिनं एका ओळीचं कार्ड टाकलं : रिपोर्ट ओके.

बसल्या बसल्या तिनं पहिलं काम केलं ते पाटीचं. रंगाऱ्याला अक्षरं सांगितली आणि पाटी स्वतः दारावर ठोकली. डॉक्टर परांजपे हातोड्याचा आवाज ऐकून आले, वाचलं, पुन्हा वाचलं. मजकूर बरोबर आहे, म्हणाले, पण इस्पितळाच्या पाटीला थोडा नम्रपणा हवा. सुरुवातीला निदान 'कृपया' तरी घाला. इतकी वर्षं एकेरीत बोलणारे डॉक्टर त्या दिवशी 'घाला' म्हणाले, हे तिच्या लक्षात आलं. पण तिनं हातोडा खाली ठेवला नाही.

"न्हाई सायेब," बाळाबाई म्हणाल्या आणि शेवटचा खिळा ठोकला. "कृपया म्हटलं की मानसं थोडं थोडं खात्यात."