कानाची वरची कड

माझ्या उजव्या कानाची पाळी फाटली ती मोठ्या जावेच्या मुलीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी. नवरी रडत माझ्या गळ्यात पडली, तिच्या डोक्यावरच्या जाळीच्या ओढणीत माझा झुमका अडकला, आणि ती बाजूला झाली तसं मानेवरून काहीतरी गरम ओघळलं. लगेच दुखलं नाही. झुमका गेल्याचं मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

"झुमका पडला, झुमका!" कुणीतरी ओरडलं आणि चार-पाच बायका पदर सावरत मांडवातल्या गालिच्यावर वाकल्या. मी ब्लाउजवर थेंब पडताना बघत उभी होते. झुमका खुर्चीखाली सापडला. सासूबाईंनी तो पुसून रुमालात बांधला, रुमाल कमरेला खोचला, आणि त्यानंतर कुणीतरी म्हणालं, "अगो, हिच्या कानातून रगत येतंय."

तो क्रम मी विसरले नाही. आधी झुमका, मग कान.

तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. खारघरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. सासर नावड्याचं, माहेर उरणकडच्या एका गावातलं. सासरची शेती प्रकल्पात गेली, त्या जागी चाळी उभ्या राहिल्या, भाडं येऊ लागलं आणि घरात सोनं आलं. आमच्या लग्नकार्यात बाईच्या अंगावरचं सोनं म्हणजे घराची पाटी. ती लांबूनही वाचता यावी, असा सासूबाईंचा आग्रह. झुमके इतके जड की दुपारपर्यंत कान बधिर व्हायचे. मी कधी तक्रार केली नाही. कुणीच करत नव्हतं.

डॉक्टरांनी फाटलेली पाळी शिवली. दुसरीही बघितली. तिचं भोक लांबत लांबत कडेपर्यंत आलं होतं. "ही पण आज-उद्या जाणार," ते म्हणाले. तीही शिवून घेतली. वर सांगितलं की काही महिने कानात काही घालायचं नाही, आणि जड तर पुन्हा कधीच नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी कानांकडे पाहिलं. "सवाशीन बाय नि कान भुंडा? लोका काय म्हनतील? चिकटवायचा तरी कायतरी आन."

"डॉक्टर नको म्हणालेत, आई."

"डाक्टरला काय, त्याला थोरंच लग्नान जावाचा हाय."

टाके निघाले, कान भरून आले, आणि मला एक गोष्ट जाणवली, ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मोकळे कान मला आवडायला लागले होते. पण त्याचबरोबर वाटायचं की आता या कानांत जे जाईल ते मी निवडलेलं असावं. लहानपणी सोनाराने टोचले तेव्हा मी बारा दिवसांची होते. लग्नात सासरच्यांनी भरले. पंचेचाळीस वर्षं कान माझे असून मी त्यांच्यासाठी एकदाही काही ठरवलं नव्हतं.

लॅबमध्ये प्रॅक्टिकलला येणाऱ्या मुलींचे कान मी बघू लागले. बऱ्याच जणींच्या कानाच्या वरच्या कडेला, जिथे हाड लागतं असं आपण म्हणतो, तिथे बारीक खडा किंवा कडी असायची. आमच्या माहेरच्या म्हाताऱ्या तिथे बुगडी घालायच्या. म्हणजे जागा नवी नव्हतीच, मधल्या पिढ्यांनी सोडून दिलेली होती. एका मुलीला विचारलं, कुठे केलंस? तिने स्टेशनजवळच्या एका दुकानाचा पत्ता दिला.

एका शनिवारी लॅबला कुलूप लावून मी स्कूटरवरून थेट तिथे गेले. घरी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माहीत होतं.

दुकानातली बाई तिशीची असेल, दोन्ही हातांवर मनगटापर्यंत टॅटू. तिने माझ्या मागे बघितलं. "मुलीला आणलंय का काकी?"

"मला मुलगी नाही. माझ्यासाठी आलेय."

ती हसली नाही, हे मला बरं वाटलं. तिने सुईचं बंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. कान टोचायची गन वापरत नाही म्हणाली, वरचा भाग कडक असतो, गनच्या दणक्याने चेचतो. पेनने ठिपका काढला आणि आरसा दिला. "इथे चालेल? नीट बघा. घाई नाय."

मी बघितलं. ठिपका थोडा आत होता. "अजून कडेला घे," म्हटलं. तिने पुसून पुन्हा काढला. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा क्षण तोच. कुणीतरी माझ्या कानाबद्दल मला विचारलं होतं आणि मी दुरुस्ती सांगितली होती.

सुई गेली तेव्हा कानात कच्चा पेरू चावल्यासारखा आवाज झाला. डोळ्यांत पाणी आलं, कान तापला, आणि मग आरशात एक साधा चकचकीत ठिपका दिसला. घरी जाताना हेल्मेट घालायला मला पाच मिनिटं लागली.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची लांबची नजर अजून तेज. "ह्या काय केलास?"

"टोचून घेतलं."

"कोनाला ईचारून?"

"मलाच विचारलं."

त्या उठून आत गेल्या. रात्री जेवताना नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "काढून टाक ना. आईला बरं वाटेल."

"आईंना बरं वाटावं म्हणून बावीस वर्षं झुमके घातले. माझी पाळी फाटली तेव्हा मला कसं वाटलं, हे तुम्ही विचारलंत का हो?"

तो ताट उचलून मोरीकडे गेला. पण दोन दिवसांनी, मी एका कुशीवर झोपून मान अवघडून घेतेय हे बघून, त्याने कपाटावरून प्रवासात मानेला लावायची गोल उशी काढली आणि माझ्या बाजूला ठेवली. मधल्या पोकळीत कान ठेवला की त्याला काही लागायचं नाही. मी सात-आठ महिने तशीच झोपले.

कानाची पाळी महिन्या-दीड महिन्यात भरते. वरची कड इतक्या लवकर भरत नाही. सकाळ-संध्याकाळ सलाईनचा फवारा, हात लावायचा नाही, फिरवायचं नाही, फोन दुसऱ्या कानाला, केस धुताना जपायचं. एवढं करूनही दुसऱ्या महिन्यात मागच्या बाजूला डाळिंबाच्या दाण्याएवढी लाल गाठ आली.

सासूबाईंना ती माझ्याआधी दिसली असावी. "बग, पिकला. मी बोललेली." त्या वाटीत हळद आणि खोबरेल कालवून आल्या आणि बोट पुढे केलं.

"आई, हात नका लावू."

लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी ते पदराला पुसलं.

त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून आरशासमोर उभी राहिले आणि खरं सांगायचं तर डगमगले. गाठ कुरूप दिसत होती. या वयात हे काय सोंग, असं मलाही वाटून गेलं. ठिपक्याच्या दांडीचा मागचा भाग चिमटीत धरला. मग ठरवलं, काढायचं असेल तर मी काढीन, पण पिकला म्हणून नाही आणि कुणी बोललं म्हणून तर नाहीच. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. त्या बाईने बघितलं आणि म्हणाली, "पिकलं नाय काकी. सूज उतरली, दांडी लांब राहिली, ती हलतेय म्हणून." तिने आखूड दांडी घातली. महिनाभरात गाठ बसली.

वर्षाने दिराच्या मुलाची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. आदल्या दिवशी सासूबाईंनी माझ्यासमोर लॉकरमधला डबा उघडला. झुमके तेच होते, पण मागची दांडी काढून सोनाराकडून चाप बसवून आणले होते. मला न विचारता. त्यांच्या परीने त्यांनी मार्गच काढला होता.

"आता भोक नको नि काय नको. दाबून घालाचा."

मी एक चाप बोटाला लावून बघितला. बोट पांढरं पडलं. मी झुमका डब्यात ठेवला आणि डबा बंद केला. "मी नाही घालणार, आई. डब्यावर राग नाही, तुमच्यावरही नाही. पण नाही."

हळदीला मी हिरवी साडी नेसले, केस मागे घेऊन अंबाडा बांधला, गजरा माळला. पाळ्या मोकळ्या. वरच्या कडेला माझ्या पगारातून घेतलेली चार मोत्यांची नाजूक बुगडी. सोनाराकडच्या बुगडीचा फिरकीचा दांडा जाड होता, म्हणून दुकानातल्या त्या बाईने मोती बारीक दांडीवर बसवून दिले होते. तोपर्यंत मी कान केसांखाली लपवत आले होते. त्या दिवशी नाही.

मांडवात नणंद भर बायकांत म्हणाली, "काय वहिनी, सोना विकला का काय?"

वाजंत्री नेमकी थांबली होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"विकलं नाही. आईंच्या डब्यात आहे, तुम्ही घाला," मी म्हटलं. "कान मात्र तुमचा लागेल."

दोघी-तिघी हसल्या. नणंद लाल झाली. सासूबाई दुसरीकडे बघत राहिल्या, आणि पुढे आठ दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी भाकरी वाढली, त्यांनी खाल्ली, एवढाच व्यवहार. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मी माफी मागितली नाही, कारण काय चुकलं ते मला सापडलं नाही.

त्याच दिवसांत मोठी जाऊ एकदा दुपारी स्वयंपाकघरात आली. डोक्यावरचा पदर बाजूला करून तिने मला आपला डावा कान दाखवला. भोकाची चीर झाली होती, खाली जेमतेम दोऱ्याएवढी कातडी.

"तो डाक्टर कंचा गो?" तिने हळू आवाजात विचारलं.

मी तिला घेऊन गेले.

गेल्या महिन्यात मी बुगडीच्या खाली अजून एक टोचून घेतलं. सासूबाई आता बोलतात. त्यांनी चष्मा चढवून दोन्ही ठिपके नीट बघितले आणि विचारलं, "अजून कवरी भोका पारनार हायस?"

"जागा हाय तवर," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, आणि स्कूटरची चावी उचलली.