नाथसागरावरचा अबोला

आमच्यात होडीवर नवरा जाळं बघतो आणि बायको वल्हं मारते. एकट्यानं दोन्ही होत नाय. मी आणि माझ्या बायकोनं नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या धरणाच्या पाण्यावर, तीसएक वर्षं अशीच काढली. शाळा मला चौथीपर्यंतच, म्हणून येईल तसं लिहितोय. तिला जाऊन वर्ष झालं. आता मी पडेगावात पोराकडं राहतो.

सांजच्याला लावलेलं जाळं उजाडायला उचलायचं, नायतर मासा सडतो. थंडीत धुकं एवढं दाट की होडीचं दुसरं टोक दिसायचं नाय. बोटं बधीर झाली की घमेल्यातल्या पेटत्या गोवरीवर धरायची. उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं, मग होडी चिखलातून ओढायची. पण खरी भीती आषाढातल्या वाऱ्याची. धरणाला काय भ्यायचं, असं लोक म्हणतात. त्यांनी तिथं कंबरेएवढी लाट बघितलेली नाय.

वारं मला कधी कळलं नाय. तिला कळायचं. कसं, ते मी विचारलं नाय.

गेल्या साली आषाढात एका पहाटं निघतानाच ती म्हणाली, "आज नगं. वारं येणार हाय."

"तुला काय आभाळातून सांगावा येतो व्हय?"

"येतो की. तुमचंच नाव घेत्यात, लई हट्टी हाय म्हणून." असं म्हणत ती वल्हं घेऊन बसली.

अर्धं जाळं वर आलं आणि बाकीचं पाण्यातल्या जुन्या बाभळीच्या खुंटाला अडकलं. तेवढ्यात वारं सुटलं. होडी जाळ्यानं बांधल्यागत झाली, लाटा आडव्या आत यायला लागल्या. "कापा," ती म्हणाली. जाळं नवं होतं. मी ओढत राहिलो. पाणी घोट्याच्या वर आलं, तशी ती वल्हं सोडून आली, इळा उचलला आणि जाळं कापलं. परत जाग्यावर बसली आणि होडी काठाला लावली.

जीव वाचला हे मला कळत होतं. पण बायकोनं माझ्या हातातलं जाळं कापलं, हे डोक्यातून जाईना. मी बोलणं टाकलं. चार दिवस. उरलेलं जाळं घेऊन रोज जायचो. कुठं वळायचं ते नुसता हात करून दाखवायचो, ती बरोबर वळवायची. दुसऱ्या दिवशी चहाचा पेला पुढं करून म्हणाली, "घ्या. चहानं तर तुमचं काय कापलं नाय." मला हसू आलं होतं. मी तोंड फिरवलं.

चौथ्या सांजंला म्हणाली, "बोलायचं नसंल तर नका बोलू. पण जाळं आज खालच्या अंगाला लावा. वारं फिरणार हाय."

मी तिथंच लावलं. बोललो नाय.

पहाटं तिला उठवायचं होतं. हाक मारायची नव्हती, म्हणून पायानं अंथरूण हलवलं. ती गार पडली होती. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाला.

सुतकात घरातल्यानं होडीला हात लावायचा नाय. शेजाऱ्यानं जाळं उचललं. वारं खरंच फिरलं होतं, पण खालच्या अंगाचं जाळं धड निघालं.

दहाव्याला पोरगं म्हणालं, "बा, आई शेवटाला काय बोलली?"

मी वाऱ्याचं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"जाळं लावलं तिथं," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी आणखी सांगणार हाय. तो माझ्या तोंडाकडं बघत बसला.