आबांचा नवा चाकू

मंडळी, खिशात ठेवायचा चाकू घेताना तुम्ही काय बघता? आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आज त्यासाठी मला दुपारभर शाहूपुरीत फिरवलं.

झालं असं, की आईनं हौसेनं घेऊन दिलेला जुना चाकू आबांनी परवा कुठंतरी हरवला. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते, चहा पुढ्यात ठेवते, पण तोंडातून शब्द नाही.

दुकानदारानं मल्टीटूल उघडून आबांच्या पुढं धरलं. "पावणं, पक्कड, पेचकस, कात्री, समदं हाय ह्यात."

"खाली ठेवा आधी. चाकू हातात दिला की भांडण हुतंय," आबा म्हणाले. मग काउंटरवरनं उचलून उलटसुलट बघितलं. "मला पेरू कापायचाय वो, ट्रॅक्टर न्हाय खोलायचा!"

शेवटी लाकडी मुठीचा, एका पात्याचा साधा चाकू पसंत पडला. पातं हलतंय का, मिटताना बोट सापडतंय का, हे पुन्हा पुन्हा बघूनच.

घरी आलो. आबांनी चाकू थेट आईपुढं धरला. तिनं न बोलता ओट्याकडं बोट दाखवलं, म्हणजे तिथं ठेवा.

"न्हाय, हातातच घे," आबा म्हणाले. "भांडण तरी हुईल. तुझं गप बसणं सोसंना मला."

आईनं चाकू हातात घेतला, आणि जी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही!

तुमच्या घरी अबोला कसा मोडतात, सांगा की. आमच्याकडं आई बोलत बोलत पेरू कापतेय, आणि आबा फोडी खात खुशीत ऐकतायत.